या नियमापुरती आई

कारखान्याच्या कचेरीतलं कुठलंही परिपत्रक साहेबांच्या सहीला जाण्याआधी शेपूटमास्तरांच्या टेबलावरून जायचं. हे नाव टंकलेखक बाईंनी ठेवलेलं, आणि मास्तरांना ते मनातून आवडायचं. इंग्रजी वाक्य मोकळं सोडलं की ते उधळलेल्या बैलासारखं कुणाच्याही शेतात शिरतं, असं म्हणत ते हिरव्या पेन्सिलीने त्याला शेपूट जोडत. 'सब्जेक्ट टु', 'ओन्ली इन सो फार अ‍ॅज', 'नॉट एक्स्टेंडिंग टु'. हे इथवरच, ते तिथे नाही, आणि त्यापुढे तर मुळीच नाही.

कारखान्याचा दवाखाना कामगारांच्या आईवडिलांना खुला होता. बारा वर्षांपूर्वी एका फिटरने आपल्या मावशीला तिथे आणलं. म्हणाला, जन्म देणारी मी पाहिलीच नाही, हीच माझी आई. डॉक्टरांनी खाट दिली, साहेब चिडले, आणि मास्तरांनी नियमाला शेपूट जोडलं: 'मदर, फॉर द पर्पज ऑफ धिस रूल, मीन्स मदर बाय बर्थ ओन्ली.' या नियमापुरती आई म्हणजे जन्म दिलेली, दुसरी कुणी नाही. मावशीला खाट सोडावी लागली. साहेबांनी पाठ थोपटली. मास्तर घरी गेले, आक्काच्या हातचं गरम जेवले आणि गाढ झोपले.

आक्का त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मास्तर अकरा महिन्यांचे आणि ती चौदा वर्षांची. चालून आलेली दोन स्थळं तिने परत पाठवली, लोकांचे कपडे शिवले आणि भावाला इंग्रजी शाळेत शिकवलं. तिच्याबद्दल मास्तर कुणाशी बोलत नसत. श्वासाबद्दल कोण बोलतं?

यंदा आक्काच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करायला हवं होतं. मोठ्या इस्पितळात चार महिन्यांची रांग, आणि एवढे दिवस ती काढणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. कारखान्याच्या दवाखान्यात मात्र एक यंत्र रिकामं होतं.

मास्तर अर्ज घेऊन दवाखान्याच्या अधिकारी बाईंपुढे बसले. ही मुलगी त्यांच्याच हाताखाली मसुदे लिहायला शिकलेली. तिने नियमांचं पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं.

"पोरी, आक्काने मला कसं वाढवलंय, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, मास्तर. तिच्या हातचं मीही जेवलेय. यात कुठे फट असेल तर तुम्हीच दाखवा, मी आत्ता सही करते."

मास्तर फट शोधू लागले. दुपार टळली. अपवाद करण्याचा साहेबांचा अधिकारसुद्धा पुढच्याच ओळीत त्यांनी स्वतः काढून घेतला होता. नियम बदलायचा तर संचालक मंडळाची बैठक हवी, आणि ती पाच महिन्यांनी. देवाने माया दिली तेव्हा तिच्यापुढे 'अमक्यापुरती' असं लिहिलं नव्हतं. ते काम माणसाने आपण होऊन अंगावर घेतलं, आणि वर त्यात बढतीही मिळवली.

घरी आक्का सुजलेले पाय लांब करून पलंगावर बसली होती. काय झालं, तिने विचारलं. दवाखान्यात जागा नाही, असं सांगता आलं असतं. पण तिच्याशी खोटं बोलायची जिभेला सवय नव्हती.

"त्या नियमापुरती तू माझी आई नाहीस, आक्का."

"कुणी लिहिलं असं?"

"मी."

तिने शिवणाने घट्टे पडलेल्या आपल्या बोटांकडे पाहिलं.

"मग चांगलंच लिहिलं असशील," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मास्तरांनी पांघरूण घालायला हात पुढे केला.

"राहू दे," आक्का म्हणाली. "माझं मी घेते."