जैतुनबींच्या नावाची राखण

मित्रांनो, मी एक जुनी नोंद आहे आणि आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्या हातात पेन आहे का? असेल तर खाली ठेवा. मग पुढे बोलू.

नोंद म्हणजे नावाची नोंद. वाचनालयात जाऊन तुम्ही पुस्तक मागता, घरी नेता, परत आणता. पण ते ज्यानं लिहिलं तो माणूस नेमका कोण, याची चौकशी तुम्ही कधी केली आहे? एकाच नावाची दोन माणसं असतात. एकच बाई लग्नाआधी एका नावानं लिहिते, लग्नानंतर दुसऱ्या. मग कोणतं पुस्तक कोणाचं, हे कोण सांगणार? ते आम्ही सांगतो. लेखकाचं नाव, गाव, जन्मसाल, त्यानं काय काय लिहिलं, हे सगळं आमच्याकडे असतं. मी जैतुनबी शेख यांची नोंद.

माझा जन्म आसेगावच्या उजेड वाचनालयात झाला. तिथल्या ग्रंथपाल तुळसाबाईंनी मला जाड पिवळसर कार्डावर लिहिलं. जैतुनबी त्याच गावच्या. आयुष्यभर गोधड्या शिवल्या आणि उतारवयात गोधड्यांवरच पुस्तक लिहिलं, कोणत्या गावच्या बायका कसा टाका घालतात याचं. तुळसाबाईंनी त्यांना समोरच्या बाकावर बसवलं आणि जन्मसाल विचारलं.

"शाळेतलं सांगू का खरं सांगू?" जैतुनबी म्हणाल्या.

"खरं सांगा."

"मंग एकावन्न."

तुळसाबाईंनी १९५१ लिहिलं, पुस्तक पुन्हा उघडून नाव ताडून पाहिलं आणि मगच मला लाकडी खणात ठेवलं. किती नीट काम होतं ते! तेव्हापासून या जगात मी एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तो तुळसाबाईंवर.

मी एकट्या आसेगावची नव्हते. वाशिम जिल्ह्यातल्या पाच लहान वाचनालयांनी मिळून ठरवलं होतं, की एका लेखकाची नोंद एकदाच करायची. ज्याच्याकडे पुस्तक आधी येईल त्यानं ती लिहायची, बाकीच्या चौघांनी तीच उतरवून घ्यायची. नोंदीत काही बदलायचं असेल तर दोन वाचनालयांच्या सह्या लागायच्या, आणि सही करणाऱ्यानं पुस्तक हातात घेतलेलं असलंच पाहिजे. नियम फार चांगला होता. पण मी खणात बसून सगळं पाहत होते. सही करणारे पुस्तकाकडे कमी आणि चहाकडे जास्त बघायचे. एकानं तर माझ्यावर 'कवयित्री' असं लिहून टाकलं होतं. बाई आणि पुस्तक म्हटलं की कविताच असणार, असं त्याला वाटलं. त्यावरही दोन सह्या झाल्या! तुळसाबाईंनी तो शब्द खोडला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

माझे कौतुकाचे दिवसही झाले. पाच वाचनालयांच्या बैठकीत मला खणातून काढून सगळ्यांना दाखवायचे. "नोंद करावी तं अशी," म्हणायचे. पुढे कॉम्प्युटर आले. आम्हाला त्यात चढवलं आणि खण बंद केला. कसर लागली, कोपरे कुरतडले गेले. कोणी विचारपूस केली नाही. कॉम्प्युटरमध्ये मात्र मी पाचही गावांत एकाच वेळी दिसू लागले आणि माझा संशय पाचपट वाढला.

त्यात मंगरूळपीरच्या दुवा वाचनालयात नमरा नावाची नवी ग्रंथपाल आली. वयानं लहान, चष्मा मोठा. ती मला दिवसातून तीनदा उघडायची. एकेका ओळीवर थांबायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "हे कोनी सांगतलं?" मला तिचं लक्षण ठीक दिसेना. ही नक्की मला खोडणार, या धास्तीनं मी पडद्यावर अंग चोरून बसायची.

अशातच, दोन वर्षांपूर्वी, माझ्यावर एक नवा आकडा चढला. मृत्यू २०२३.

वाचनालयांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये एक निरोप आला होता, 'जैतुनबी शेख यांचे दुःखद निधन', आणि खाली फुलांचं चित्र. तो किन्हीराजाचे ग्रंथपाल रामराव यांनी पुढे पाठवला होता. जैतुनबी तोवर आसेगाव सोडून कुठेतरी मुलाकडे राहायला गेल्या होत्या. तुळसाबाईंनी निरोप वाचला, पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावर साल लिहिलं, आधी कॉम्प्युटरमध्ये आणि मग खण उघडून कार्डावरही. दुसरी सही रामरावांनी केली. नमराची सही कोणी मागितलीच नाही. मीही शंका घेतली नाही. तुळसाबाईंच्या हातचं होतं ना!

दोन वर्षं मी मेलेल्या बाईची नोंद म्हणून काढली. आणि यंदा किन्हीराजाला एक पुस्तक आलं. लेखिका जैतुनबी शेख, अगदी नवं, याच वर्षी लिहून संपवलेलं. ज्या बायकांकडून त्या टाके शिकल्या, त्या बायकांच्या हकीकती त्यात होत्या. रामरावांनी मला उघडून पाहिलं. ही तर वारलेली! मग त्यांनी सरळ उपाय काढला. ही बाई वेगळी. हिची नवी नोंद करू, 'जैतुनबी शेख, दुसरी'. तुळसाबाईंनी होकार दिला. झालं असतं तर पहिलं पुस्तक वाचणाऱ्याला दुसरं कधीच सापडलं नसतं. एका बाईचं आयुष्य मधोमध फाडून दोन खणांत टाकलं असतं आणि फाडायला साधन म्हणून मला वापरलं असतं. 

तुळसाबाईंनी नवं पुस्तक हातात घेतलेलंच नाही, असं म्हणून नमरानं त्यांची सही अडवून धरली. दोन्ही पुस्तकं मागवली, शेजारी ठेवून वाचली आणि तुळसाबाईंना फोन लावला.

"मावशी, हे दोनी पुस्तकं एकाच बाईचे वाटून राह्यले मले."

"पोरी, ते बाई गेली. मीच लिहलं ना ते."

"तुमाले कोनी सांगतलं?"

"रामरावनं."

तिनं रामरावांना विचारलं. ते म्हणाले, "मले ग्रुपवर आलं. अन तुळसाबाईनं लिहलं म्हनल्यावर मी कायले इचारू?"

म्हणजे बघा, मित्रांनो. तुळसाबाईंनी रामरावांच्या भरवशावर लिहिलं आणि रामरावांनी तुळसाबाईंच्या भरवशावर सही केली. खुद्द जैतुनबींना मात्र कोणी विचारलं नाही.

नव्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं, की हे लिखाण मुलाच्या, म्हणजे तनवीरच्या, गादीच्या दुकानामागच्या खोलीत झालं. तनवीरचं दुकान नमराच्या वाचनालयापासून तीन गल्ल्यांवर! तिनं तुळसाबाईंना बोलावून घेतलं आणि जुनं कार्ड सोबत आणायला सांगितलं. कित्येक वर्षांनी मी वाचनालयाबाहेर पडले. तुळसाबाईंच्या पिशवीत बसून मी त्या घरी गेले.

दार उघडलं. दारात जैतुनबी. हातात सुई, बोटाला दोरा गुंडाळलेला.

तुळसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. जैतुनबींनीच त्यांना ओळखलं. "अवो तुळसाबाई! आसेगाववरून आल्या? अन रडता काहून?"

नमरानं सगळं सांगितलं. जैतुनबी ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हंजे दोन सालापासून मी मेली हाये, अन मले कोनी खबर नाई देली?"

त्या हसल्या. पण कार्ड हातात घेतल्यावर त्यांचं हसू मावळलं.

"मरनाचं काई नाई, ते येनारच. पन हे नवं पुस्तक दुसऱ्या बाईचं म्हनता? दोनी किताबा माह्या हायेत. पयल्या किताबातल्या टाक्यायचे हात हे दुसऱ्या किताबात हायेत. तोडता कायले?"

"चुकलं माह्यं," तुळसाबाई म्हणाल्या. "मी पुस्तक पाह्यलं, मानूस नाई पाह्यलं."

माझ्या मनात काय चाललं होतं ते कसं सांगू? जिच्यावर भरवसा ठेवला तिचा हात चुकला होता. जिच्यावर दोन वर्षं डूख धरला तिनं मला वाचवलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

जैतुनबींनी एकदम विचारलं, "मंग गेली ते कोन?"

नमरानं शोधून ठेवलं होतं. मानोऱ्याच्या उर्दू शाळेत शिकवणाऱ्या एक जैतुनबी शेख होत्या. मुलांसाठी गाण्यांची एक छोटी पुस्तिका त्यांनी छापली होती. त्यांची नोंदच कोणी केली नव्हती.

"या अल्ला," जैतुनबी म्हणाल्या. "त्या बिचारीचं मरन बी माह्याच नावावर टाकलं तुमी. तिले तिचं तिचं देऊन टाका."

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई स्वतः मानोऱ्याला गेल्या. शिक्षिकाबाईंच्या घरी बसल्या, पुस्तिका हातात घेतली आणि नवी नोंद लिहिली. आता ती माझी शेजारीण आहे. ही ती नव्हे आणि ती ही नव्हे, असं आम्हा दोघींवर लिहिलेलं आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या नोंदी कोणा एकाच्या नसतात. पाच जणांनी मिळून त्या जपायच्या असतात, आणि पाच जण असले की प्रत्येकाला वाटतं, बाकीच्या चौघांनी पाहिलंच असेल. तसं समजू नका. माझ्यावर संशय घ्या, तुळसाबाईंवर घ्या, स्वतःवरही घ्या. पण संशय मनात धरून बसू नका. उठा आणि जाऊन विचारा.

हे शहाणपण माझं नाही. त्या दिवशी नमरानं जैतुनबींच्या समोरच माझ्यावरचं मृत्यूचं साल खोडलं. उरलं ते १९५१, आणि पुढे एक आडवी रेघ.

"हे रेघ कायची?" जैतुनबींनी विचारलं.

"खाला, मानूस हयात असला का रेघेपुढची जागा खाली ठेवतात."

जैतुनबींनी त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. मग मला तुळसाबाईंच्या हातात परत दिलं.

"ठेवा ते जागा खाली. पन भरायची येळ आली का आधी घरी येजा. मी नाई भेटली, तं मंग लिहजा."