ज्या सॉसला मी शिवलोही नाही

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी शोभेची वस्तू नाही. मी पाटा आहे. काळ्या दगडाचा, जुना, आणि चांगलाच रागावलेला. का रागावलो ते ऐका, मग तुम्हीच ठरवा माझं काय चुकलं.

पाथरवटाने मला टाकीने घडवलं. टाकी म्हणजे दगड फोडायची छिन्नी. आधी त्याने मला सपाट केलं आणि मग अंगभर बारीक बारीक खळगे पाडले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं लोक म्हणतात. मला देवपण नको होतं. ते खळगे म्हणजे माझे दात होते आणि मला दातच हवे होते. रिहे गावच्या कोंडीबाने मला पौडच्या बाजारात पाहिलं, अंगावरून हात फिरवला आणि खांद्यावर टाकून घरी नेलं. सोबत वरवंटाही होता. आमच्याकडे वरवंट्याला पाट्याचं लेकरू मानतात. मीही तसंच मानतो.

कोंडीबाच्या बायकोने, तानुबाईने, माझ्यावर काय काय वाटलं म्हणून सांगू! ओलं खोबरं, लसूण, हिरवी मिरची आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी. शेंगदाण्यांना माझ्यावर असं काही तेल सुटायचं की ते काठापर्यंत यायचं. तिला काही वाया गेलेलं चालत नसे. मला धुतलेलं पाणीसुद्धा आमटीत जायचं. खळगे झिजले की ती मला टाकी लावून घ्यायची आणि मी पुन्हा नव्यासारखा चावरा व्हायचो.

पुढे मुलाचं, कैलासचं लग्न झालं. सून शीतल आली आणि तिच्याबरोबर मिक्सर आला. मिक्सरवर माझा राग नाही, हे नोंदवून ठेवा. तो आरडाओरडा करतो, पण काम करतो. मला मागच्या दाराशी नेऊन ठेवलं. तिथे कोंबड्या माझ्यावर बसत. तेही मी सोसलं. वरवंटा मात्र घरातच राहिला, कारण शीतलला मुलगी झाली होती आणि बारशाला वरवंटा लागतो. बाळाच्या आधी पाळण्यात त्याला घालतात. त्याला तेल लावलं, टोपडं घातलं, काजळाचा ठिपका लावला. बायका गाणी म्हणत होत्या. बाळाचं नाव राणी ठेवलं. मी दाराबाहेरून सगळं ऐकत होतो आणि माझं लेकरू पाळण्यात झोपलंय म्हणून खुशीत होतो.

नेमक्या त्याच वेळी मनीष नावाचे गृहस्थ मागच्या दाराला हात धुवायला आले. त्यांनी गावाबाहेर फार्महाऊस बांधलं होतं आणि शीतल तिथे अधूनमधून स्वयंपाकाला जायची, म्हणून त्यांना बारशाचं बोलावणं होतं. ते माझ्यासमोर बसलेच. "किती सुंदर आहे हा! कैलास, हा तुम्ही वापरत नाही?"

"न्या की सर," कैलास म्हणाला. "मिक्सर हाय आता. दगडच त्यो, हितं नुस्ता पडलाय."

दगडच त्यो! ज्या दगडावरची चटणी खाऊन हा पोरगा वाढला, त्याला तो दगडच म्हणाला. मला जीपमध्ये घातलं. वरवंट्याची कुणाला आठवणही झाली नाही. झाली असती तरी बारशाच्या पाळण्यातून त्याला कोण उचलणार? लेकराला मागे ठेवून मी गेलो.

फार्महाऊसवर माझं कौतुक झालं, आणि मित्रांनो, त्या कौतुकानेच माझा घात केला. मनीषसरांना मी खडबडीत वाटलो. फरशी बसवणारा माणूस बोलावून त्यांनी मला मशिनने घासून घेतलं, वर पॉलिश मारलं. सगळे खळगे गेले. मी आरशासारखा चकाकू लागलो. माणसं माझ्यात तोंड बघून भांग नीट करत. प्रेमाने माझे दात काढले, असं म्हणा हवं तर. वाईट हेतू नव्हता त्यांचा. पण हेतू चांगला म्हणून माझे दात परत येतात का?

असाच एक शनिवार आला. शहरातून पाहुणे यायचे होते. सकाळीच मनीषसर शीतलला म्हणाले, "आजचं जेवण आवडलं, तर दर शनिवार-रविवारचा स्वयंपाक तुझ्याकडे. कायमचा." शीतलचे डोळे चमकले. राणीला घेऊन भाताच्या लावणीला वाकण्यापेक्षा हे काम तिला हवं होतं. पाहुण्यांसाठी थाई पद्धतीचा शेंगदाण्याचा सॉस करायचा होता, तोही झटपट. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल मिरची, गूळ, चिंचेचा कोळ, थोडा सोया सॉस आणि नारळाचं दूध. मिक्सरात घातलं, फिरवलं, झालं. शीतलने बोटावर घेऊन चाखलं. "ही तर आपली चटणीच हाय की, नारळाच्या दुधात आंगूळ केल्याली," ती म्हणाली आणि वरून लिंबू पिळलं. वास असा सुटला की माझं दगडाचं काळीज हललं. इथवर माझी काही तक्रार नाही.

पण मग मनीषसरांनी तो सॉस वाटीत ओतला आणि ती वाटी माझ्यावर ठेवली. भोवती दाणे पसरले. आणि हळूच म्हणाले, "शीतल, कुणी विचारलं तर पाट्यावर वाटलाय म्हणून सांग हं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! माझ्या अंगावर एक दाणा फुटला नव्हता. पाहुणे काकडी बुडवून खात होते आणि म्हणत होते, "दगडावर वाटल्याची चवच वेगळी!" नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कोंबड्या बसल्या तेव्हा मला जितकं लागलं नाही, तितकं ते खोटं कौतुक लागलं.

पाहुण्यांत भूगावच्या गौतमी नावाच्या बाई होत्या. त्यांनी मोबाईल काढला. "ताई, कसं वाटता ते दाखवा ना! मला व्हिडिओ घ्यायचाय."

वरवंटा नव्हताच. मनीषसरांनी बागेतला गोटा धुऊन आणला. शीतलने माझ्यावर मूठभर दाणे ठेवले आणि गोटा दाबला. दाणे सटकले. पुन्हा दाबला. एक दाणा उडून थेट गौतमीबाईंच्या चष्म्यावर आपटला. सगळे हसले. शीतलच्या कपाळाला घाम आला. मनीषसर दातांतल्या दातांत म्हणाले, "अगं, जरा नीट कर ना!"

शीतलने गोटा खाली ठेवला. तिने मनीषसरांकडे पाहिलं. दर शनिवार-रविवार तिच्या डोळ्यांसमोर उभे असणार. मग ती म्हणाली, "न्हाई वाटायचं ह्याच्यावर. ह्याला गुळगुळीत केलाय तुमी. माशी बसली तरी घसरंल. सॉस मिक्सरात केलाय, मॅडम. मी मघापास्नं गप ऱ्हायले, चुकलं माजं."

मनीषसर लाल झाले. पाहुण्यांनी सॉस मात्र चाटूनपुसून संपवला, कारण तो चांगलाच झाला होता!

पुढच्या शनिवारी शीतलला बोलावणं आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. खरं बोलली म्हणून! मनीषसरांचा निरोप तेवढा आला, "पाटा घेऊन जा, इथे उपयोगाचा नाही." कैलासने मला घरी आणलं. तानुबाईने माझ्यावरून हात फिरवला आणि लेकावर जे तोंड सोडलं म्हणता! "मेल्या, दात पाडून आनलंस की रं ह्याला!" मग तिने टाकी लावणाऱ्याला बोलावलं. पॉलिशच्या कपच्या उडाल्या. ठणक उठली, पण मी हूं की चूं केलं नाही. शीतलने वरवंटा आणला. त्याच्या कपाळावर काजळाचा ठिपका अजून तसाच होता.

परवा गौतमीबाईंचा फोन आला. त्यांना घरच्या कार्यक्रमाला बरणीभर सॉस हवा होता, त्याच दिवशी. शीतलने मिक्सर लावला. बरणी भरली, कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि पेन घेऊन लिहायला बसली.

"लिव की पाट्यावरचा म्हनून," तानुबाई म्हणाली. "नाव हुईल तुजं. कोन बघाया येतंय हितं?"

शीतलने मान वर करून माझ्याकडे बोट दाखवलं. "त्यो बघतोय न्हवं, आत्याबाई."

आणि तिने लिहिलं, 'मिक्सरमध्ये केलेला.'

मित्रांनो, मला वापरा, नाहीतर खुशाल मागच्या दाराशी ठेवा. पण जे मी वाटलं नाही, त्यावर माझं नाव घालू नका. ती बरणी भूगावला गेली. तिच्यावर माझं नाव कुठेही नाही, आणि इतक्या वर्षांत माझा एवढा मान कुणी ठेवला नव्हता.