जाळरेषेवरचे दंताळे

तो दिवस अगदी साधा होता, मित्रांनो. ओसरीवर बसून लोटनआबा माझा तुटलेला दात काढून नवा बसवत होते. त्यांची लेक पुनम चोपड्याच्या शाळेत शिकवते. ती सुट्टीला आली होती.

"आबा, तुमच्या तोंडात नाहीत तेवढे दात याला बसवलेत!"

"माले भाकर चुरीसन खाता येस. याले सारा डोंगर झाडना शे!" आबा म्हणाले आणि दोघेही हसले.

दुसऱ्या दिवशी आबा उठलेच नाहीत.

मी त्यांचे जुने दंताळे. बांबूचे दात, धावड्याचा दांडा. सातपुड्यातल्या पावरा लोकांच्या पाड्यावर माझा जन्म झाला. पूर्वी इथे मोहाची फुले वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा पेटवून देत. काळ्या जमिनीवर पिवळी फुले चटकन दिसत. पण ती आग मोहाखाली थांबायची नाही, डोंगर खाऊन मगच विझायची. पुढे ग्रामसभेला जंगलाचा हक्क मिळाला आणि आबा मला घेऊन सभेत उभे राहिले. पाचोळा झाडू, पेटवायचा नाही, म्हणाले.

शेजारची ताईबाई पदर तोंडाला लावून हसली. "काय रे लोटन, डोंगर झाडाले आते सून आनतस का?"

"सून नई, दंताळं आनं!"

सभा हसली, पण ठरावाला हात वर झाले. घरोघरी माझी भावंडे तयार झाली. होळीच्या आधी सारा पाडा शिवेवर जायचा आणि पाचोळा ओढून मोकळ्या मातीचा रुंद पट्टा काढायचा. हीच आमची जाळरेषा. सर्र, सर्र! काय आवाज होता तो! काही वर्षांतच चारोळीची रोपे वर आली, तितर परतले. आबा तर येणाऱ्याजाणाऱ्याला माझे दात मोजून दाखवत.

ते गेले तेव्हा रेषा अर्धीच झाली होती. आमच्या पाड्याची रीत अशी की, ज्या घरी दुःख झाले त्या घरचे माणूस आधी हात लावते, मगच गाव जंगलाच्या कामाला लागते. पुनम ओसरीवरून उठत नव्हती. मी कुडाला टेकून उभा होतो.

आणि एका दुपारी पलीकडच्या डोंगरावर धूर उठला! तिकडे कोणीतरी मोहाखाली काडी लावली होती. वारा आमच्याच दिशेने होता आणि आग नाल्याकडे सरकत होती. ग्रामसभेचे अध्यक्ष रुपचंदभाऊ दारात आले. त्यांच्यामागे दंताळी घेऊन सगळा पाडा. सगळे उंबऱ्याबाहेरच थांबले. शेवटी ताईबाईच पुढे झाली.

"पोरी, आग नालापावत उनी शे. तू हात लाव, मंग आम्ही निंघतस."

पुनम उठली. तिने मला उचलले आणि धावत सुटली!

मित्रांनो, तसा मी जन्मात धावलो नव्हतो! चढण, काटे, धुराचा लोट! तिने पहिली ओढ घेतली आणि मागोमाग साऱ्या पाड्याच्या दंताळ्यांचे शेकडो दात एकदम मातीत उतरले. पाचोळा मागे उडत होता, माती उघडी पडत होती. माझा एक दात तुटला, मग दुसरा. तुटू देत! आगीचा कडकडाट जवळ आला, तशी रेषा टोकाला भिडली.

"आता!" रुपचंदभाऊ ओरडले. रेषेपलीकडच्या पाचोळ्याला आमच्या माणसांनी उलटी आग लावली. दोन्ही ज्वाला धावत एकमेकींना भेटल्या, ताडाएवढ्या उंच उडाल्या आणि खायला काही न उरल्याने जागच्या जागी बसल्या. अलीकडचे एक पानही जळले नाही! अशी आरोळी उठली की नाला दुमदुमला.

"बापनीच पोर शे!" ताईबाई धापा टाकत म्हणाली. "दम खाऊ देत नई!"

मित्रांनो, तुमच्या शिवारात पाचोळा साचला तर काडीपेटीआधी आम्हाला हाक मारा. आमचे दात पडले तर नवे बसवा. आम्ही फार काही मागत नाही.

लोक गात खाली उतरले. पुनम रेषेवरच थांबली. काजळीने माखलेल्या हातात मी होतो. वाचलेल्या डोंगराकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली,

"आबा, दरवर्षी तुम्ही मला अभ्यासाला बसवून इकडे यायचात. मला यायचं होतं, आबा. तुमच्या शेजारी उभं राहून झाडायचं होतं."