सिदूच्या पोथीचा शेवटचा अध्याय

हवालदार हरिबांची युद्धावरची कादंबरी घाटनांदुरात प्रकाशित झाली तेव्हा मंडप गच्च भरला होता. नंतर जेवण होतं.

मोहनरावांनी कादंबरी वाचली नव्हती. पण पुढारी असल्यानं त्यांचं काही अडलं नाही. "आपल्या सिदूनं छातीवर गोळी झेलली, घोषणा दिली आणि मगच प्राण सोडला," हे दरवर्षीचं भाषण त्यांनी केलं. खाली बसताना हळूच विचारलं, "हरिबा, पुस्तकात किती मारले बे?"

"एक खेचर मेलंय, साहेब. थंडीनं."

मोहनरावांनी पुस्तक परत टेबलावर ठेवलं.

सिदू गेला तेव्हा त्याच्याजवळ एकटे हरिबाच होते. घोषणा वगैरे काही नव्हती. त्यानं स्टोव्हवर चहा ठेवला आणि विचारलं, "हरिबा, तुला साखर किती?" तेवढ्यात तोफगोळा पडला. उत्तर द्यायचं राहून गेलं.

हे हरिबा इतकी वर्षं एकटेच सांभाळत होते. बायको वारल्यावर तर घरात भिंतींशिवाय ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. सिदूच्या आईला, बायडाबाईंना, तेवढं कळावं म्हणून त्यांनी एवढी कादंबरी लिहिली. बायडाबाईंना वाचता येत नाही, हे लिहिताना ध्यानात राहिलं नाही. लेखकांचं असं होतं.

प्रकाशनानंतर ते त्यांच्याकडे गेले. मंडपात दिलेलं पुस्तक देव्हाऱ्यात होतं. लाल फडक्यात बांधलेलं, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल.

"मावशी, ही काय पोथी हाय का?"

"माज्या लेकराचं हाय त्यात. मंग पोथी न्हाई तर काय? आलास तसा वाच. आदी पाय धू."

त्या दिवसापासून रोज एक अध्याय सुरू झाला. हरिबा चौरंगावर पुस्तक ठेवून वाचत. बायडाबाई हात जोडून ऐकत. दाराशी शेळ्या रवंथ करत. एका अध्यायात घोंगडीवरून दोन जवान भांडले आणि एकमेकांच्या खानदानावर गेले. हरिबा अडखळले.

"कावून थांबला?"

"शिव्या हायत, मावशी."

"गाळू नको. पोथीतलं गाळीत न्हाईत."

हरिबांनी शिव्या वाचल्या. मावशींनी डोळे मिटून नमस्कार केला. मग गूळखोबऱ्याचा प्रसाद झाला.

अशानं पुस्तक सरत आलं. बर्फात खंदक खणून झाला, खेचर मेलं, सिदूनं स्टोव्ह पेटवून चहा ठेवला आणि अध्याय संपला. दुसऱ्या दिवशी हरिबा लवकर पोचले. घसा साफ करून त्यांनी पान उलटलं. मावशींनी पुस्तकावर हात ठेवला.

"शेवटचा ऱ्हायलाय, मावशी."

"ठावं हाय मला."

"त्यो शेवटी काय बोलला ते लिवलंय."

"लिवलं आसशील. त्यानं च्या टाकलाय ना?"

"टाकलाय."

"मंग ऱ्हाऊ दे त्याला तितंच." त्यांनी फडक्याची गाठ मारली. "उद्या पयल्यापासून लाव."

हरिबा उठले. घरी जाऊन त्यांनी एक कप चहा केला. नेहमीसारखा, बिनसाखरेचा.

सकाळी त्यांनी मावशींच्या दारात पाय धुतले. पहिलं पान उघडलं. पहिल्या पानावर ट्रक घाट चढत होता आणि सिदू फळीवरून वाकून उलटी करत होता.

बायडाबाईंनी हात जोडले.