सोडलेल्या शिंपल्या

दर पौर्णिमेला मी पुण्य म्हणून मुके जीव मोकळे सोडते. माझा नवरा थवील आदल्या संध्याकाळी बाजारातून टोपलीभर जिवंत शिंपल्या आणतो आणि धक्क्याच्या शेवटच्या पायरीला, पाण्यात बांधून ठेवतो. सकाळी विहारातून आले की मी त्या तिवराच्या झाडांआडच्या चिखलात सोडते आणि म्हणते, "जा, आता तुम्हाला कोणी धरणार नाही."

त्या पौर्णिमेला शिंपल्यांवर लाल ठिपके होते. बाजारवाल्यांची काहीतरी नवी तऱ्हा असेल, म्हटलं. सोडल्या.

दुपारी अरुणी आली. मत्स्यसंशोधन केंद्रातली पोरगी. तीन वर्षं पुराच्या गोड्या पाण्याने आमच्या गावच्या शिंपल्या मरत होत्या. तिने केंद्रात वाढवलेल्या जगल्या, तर गावाला पुढचं बी, म्हणजे पेरायला पिल्लं, मिळणार होतं.

"मावशी, पायरीवरची माझी टोपली कुठाय? पेरायच्या आधी काल पाण्यात ठेवलेली, लाल ठिपके लावून."

मी थवीलकडे पाहिलं.

"मी या वेळी आणलीच नाही," तो डोकं खाजवत म्हणाला. "विसरलो. तू काही बोलली नाहीस, म्हटलं वाचलो!"

अरुणी रडायला लागली. "तीनशे होत्या हो."

"रडू नको गं. ओहोटी लागली की फळीवरून सरकत जातो, तासाभरात वेचून आणतो."

"नको," मी म्हणाले. "मी त्यांना शब्द दिलाय."

"शिंपल्यांना? मला लग्नात दिले होतेस, त्यातले किती पाळलेस?"

"त्या तोंड मिटून ऐकतात."

अरुणीला रडता रडता हसू आलं. पण चूक माझीच होती, आणि गावाचं बी त्यावर अडलेलं. मी म्हणाले, "धरायच्या नाहीत. आहेत तिथेच मोजल्या तर? मी मोजीन."

केंद्रात उरलेल्या दोनशे तिने खाडीच्या चिखलातल्या गावाच्या वाफ्यात पेरल्या. मी दर महिन्याला ओहोटीत फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल रेटत तिवरांपाशी जायचे. एकेक शिंपली मापायची, क्षमा मागायची, होती तिथेच खोचायची.

पावसाळ्यात पूर आला. वाफ्यातल्या निम्म्या मेल्या. माझ्या दोनशे चाळीस सापडल्या, जिवंत. तिवरांमुळे तिथे गोडं पाणी शिरलंच नव्हतं.

"एका वर्षावरून काही सांगता येत नाही," अरुणी म्हणाली. बी मात्र तिने मंजूर करून आणलं.

पुढच्या वर्षी त्याच चिखलात तांदळाएवढी पिल्लं दिसली, बिनठिपक्यांची. अरुणीने गावाच्या बैठकीत सांगितलं, "कधीच न धरलेल्या थोड्या आया कुठेतरी लागतात. त्यांची पिल्लं भरतीबरोबर वाफ्यात येतील."

मग तिथे कोणी शिंपली वेचायची नाही, असं ठरलं. थवीलने चार बांबू रोवले आणि तोच सगळ्यांना दटावू लागला.

आता पौर्णिमेची टोपली अरुणी आणते. नवी खेप ओळखू यावी म्हणून ठिपके निळे असतात.

"मावशी, शब्द नीट द्या हं. किती जगतात ते मला मोजायचंय."