केळीच्या खोलीतला माणूस

आत्माराम राऊतच्या अन्ननलिकेतली गाठ उजेडाने जाळली, तेव्हा त्याला काहीच दुखलं नाही. दुखण्याची वेळ नंतर येऊ शकते, एवढं मात्र डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

मुंबईच्या हॉस्पिटलात आधी शिरेतून औषध दिलं गेलं. हे औषध अंगभर पसरतं आणि गप्प बसून राहतं. उजेड पडला की जागं होतं आणि जिथे आहे तिथल्या पेशी मारतं. दोन दिवसांनी घशातून दुर्बीण उतरवून गाठीवर लाल उजेड सोडला. गाठ काळी पडली, गळून गेली. आठवड्याभरात आत्माराम पेज गिळू लागला.

घरी सोडताना डॉक्टर अश्लेषा नाईक यांनी त्याच्या बायकोला, जयवंतीला, समोर बसवलं. डॉक्टर माहेरच्या भुईगावच्या, म्हणजे यांच्या शेजारच्याच गावच्या, त्यामुळे बोलणं सोपं होतं.

"तोंडलीचा मांडव बघितलाय ना? वेल जळला तरी मांडव उभा राहतो. तसंच आहे हे. गाठीच्या पेशी मेल्या. पेशींच्या भोवती तंतूंची एक जाळी असते, ती बऱ्यापैकी शाबूत आहे. तिच्यावर नवं अस्तर चढेल."

"म्हणजे बरं झालं."

"झालं तर चांगलंच. पण कुठला वेल चढतोय, ते मांडव विचारत नाही; गाठीचाही चढू शकतो. म्हणून तपासायला यायचं, चुकवायचं नाही." मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. "औषध अजून त्यांच्या कातडीत आहे. सहा आठवडे ऊन अंगाला लागता कामा नये. लागलं, तर आत गाठीचं जे झालं ते बाहेर चेहऱ्याचं होईल."

जयवंती औषधं आणायला खाली गेली आणि मागे राहिलेल्या मुलाला, वेदांतला, नर्सने आणखी एक वाक्य सांगितलं. अगदी काळोखात ठेवू नका, खोलीतला साधा दिवा चालू राहू दे, त्या मंद उजेडानेच कातडीतलं औषध हळूहळू विरतं. वेदांतने ते नीट ऐकलं. परत विचारूनही घेतलं.

वसईजवळच्या गिरीजला, आपल्या गावी, पोचेपर्यंत घरी सगळी तयारी झाली होती. आत्मारामची थोरली बहीण कृष्णाबाई हिने घरामागची केळी पिकवायची खोली झाडून काढली होती. जाड भिंती, एक दार, खिडकी नाही. पूर्वी केळ्यांचे हिरवे लोंगर, अख्खे घड, पाचोळ्यात रचून इथे धूर देत. आता व्यापारी कच्चाच माल उचलतो, त्यामुळे खोली रिकामीच होती. कृष्णाबाईने आत खाट टाकली, पंखा लावला आणि बल्ब काढून घेतला.

"आत्या, नर्स म्हणाली दिवा पाहिजे," वेदांत म्हणाला.

"ऊन वाईट आनि दिवा चांगला? निखारा लहान काय, मोठा काय, हात भाजतोच ना?"

"अगं, ती शिकलेली आहे. तिला माहीत असेल ना?"

"तिचा भाऊ हाय काय आत?"

 वेदांतने आईकडे बघितलं. जयवंती म्हणाली, "राहू दे. काळजी जास्त घेतली तर बिघडतं काय?" वेदांतलाही ते पटलं. त्याला विरारच्या फ्लॅटवर परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.

आत्माराम खोलीत राहू लागला. जुन्या धुराचा वास भिंतींतून गेला नव्हता. बाहेरच्या आवाजांवरून तो दिवस ओळखायचा: पहाटे कावळे, मग शेजारच्या मायकलच्या वाडीतला पाण्याचा पंप, मग चर्चची घंटा. प्रातर्विधीसाठी त्याला अंधार पडल्यावर आणि उजाडायच्या आधी बाहेर काढत. कृष्णाबाई तेव्हा घरातले सगळे दिवे बंद करायची आणि मायकललाही पडवीतला दिवा मालवायला लावायची.

भिंतीत जमिनीलगत एक चौकोनी भोक होतं, धुराच्या शेगडीसाठी ठेवलेलं. त्यातून ताट आत जाई. भोकाबाहेर पडवी होती. ऊन येऊ नये म्हणून तिला चटया लावल्या होत्या. दुपारी जेवण झालं की जयवंती तिथे भाजी निवडत बसायची आणि आत्माराम आतून हात बाहेर काढायचा. ती तो हातात घेऊन बोलत राहायची. केळीला कोंब किती आले, कोणाची म्हैस व्याली. एकदा कृष्णाबाईने ते पाहिलं.

"हात आत घे, आत्मा."

"राहू दे गं, बाय. हाताला काय होत नाय."

हाताला खरंच काही झालं नाही.

तिसऱ्या आठवड्यात वेदांत आला. बापाचं तोंड बघावं म्हणून त्याने मोबाईलचा टॉर्च लावून जवळ धरला. गालांचा रंग कोंबासारखा पांढुरका झाला होता. आत्मारामने डोळे मिटले आणि गाल चोळला.

"चुरचुरतं."

"बघ," दारातून कृष्णाबाई म्हणाली, "एवढ्याशा टॉर्चनं भाजतं. आनि तू म्हनतोस बल्ब लाव."

वेदांतने टॉर्च घाईघाईने बंद केला. आपण नर्सचं ऐकायचा आग्रह धरला नाही ते बरंच झालं, असं त्याला वाटलं. डॉक्टरांना फोन करावा, हे त्याच्या मनात आलं नाही. गाल सकाळपर्यंत लाल राहिला, पण अंधारात तो कोणी पाहिला नाही.

होळी झाली. सहा आठवडे भरल्यावर जयवंतीने हॉस्पिटलला फोन केला. तिथून परीक्षा सांगितली गेली. कागदी पिशवीला रुपयाएवढं भोक पाडायचं, हात पिशवीत घालून भोकावर दहा मिनिटं ऊन घ्यायचं, आणि एक दिवस वाट बघायची. लाली, सूज, फोड काही आलं नाही, तरच हळूहळू बाहेर पडायचं. दाराला टांगलेल्या मांजरपाटाच्या जाड पडद्याआडून आत्मारामने उजवा हात बाहेर काढला. उजवा का, हे कोणी विचारलं नाही. तोच हात नेहमी पुढे येत होता.

दुसऱ्या दिवशी हातावर काही नव्हतं. कृष्णाबाईने भिंग लावून बघितल्यासारखा तो उलटसुलट केला आणि मग भावाच्या डोक्यावरून नारळ उतरवून फोडला.

आत्माराम बाहेर आला तेव्हा साडेदहा झाले असतील. कुंपणाजवळ मायकल उभाच होता.

"काय रे आत्माराम, पिकलास का नाय खोलीत? आमी म्हटलं, चार दिवसांत बाहेर काढतील. लय कच्चा निघालास!"

"पिकलो कवाच. घेनारा भेटंना."

"असा पांढराफटक माल कोन घेनार?"

तिघंही हसली. जयवंती कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसत होती. आत्माराम वाडीत शिरला. केळीच्या पानांखालून गेला, कोंब मोजले, पाटातली माती पायाने सारखी केली. मग वाडीच्या टोकाला, जिथे दोन माड पडून मोकळं झालं होतं, तिथे तो उभा राहिला. तोंड वर केलं आणि डोळे मिटले.

"चला आता, पुष्कळ झालं," जयवंती म्हणाली.

"थांब जरा."

परत येताना तो म्हणाला, मुंग्या चावल्यासारखं होतंय. पानांवर मुंग्या असतातच. जयवंतीने त्याच्या मानेवरून हात फिरवला. एकही मुंगी नव्हती. जेवायला बसला तेव्हा त्याचे ओठ सुजले होते. दुपार कलताना डोळे उघडेनात. संध्याकाळी कपाळावर आणि कानांवर पाण्याचे फोड उठले. वेदांत गाडी घेऊन आला, तेव्हा त्याने बापाला आधी आवाजावरून ओळखलं.

 डॉक्टर अश्लेषांनी फोड तपासले, मान, पाय, पावलं बघितली.

"परीक्षा केली होती?"

"केली. सांगितली तशी," जयवंती म्हणाली.

"कुठल्या हाताची?"

"उजव्या."

डॉक्टरांनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले. डावा बाहीपर्यंत लालभडक, सुजलेला होता. उजवा मनगटापर्यंत नेहमीसारखा होता. लाली मनगटाच्या वर सुरू होत होती, बांगडी घालावी तशी रेघ धरून.

"या हाताला उजेड मिळत होता. कसा?"

जयवंतीला प्रश्न कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "रोज दुपारी माझ्या हातात असायचा. भोकातून."

"आणि बाकीचं अंग?"

 वेदांत जमिनीकडे बघून म्हणाला, "काळोखात. पूर्ण."

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. पडवीतल्या उजेडाने हातातलं औषध रोज थोडं थोडं विरून गेलं होतं. चेहऱ्यातलं फारसं कमी झालंच नव्हतं. परीक्षा त्यांनी बरोबर केली होती, पण त्या एकाच हाताची.

"कातडी येईल ना परत?" जयवंतीने विचारलं. "तुम्ही म्हणाला होतात, मांडव राहतो."

"तिथे उजेड आम्ही मोजून दिला होता. उन्हाला माप नसतं. वरच्या पेशी गेल्या तर नव्या येतील. पण खालची जाळी किती होरपळली, ते आज कळत नाही. ती शाबूत असेल तर डागसुद्धा राहणार नाही. ती आवळली, तर पापण्या ओढल्या जातील. मग डोळे मिटणार नाहीत."

"कधी कळेल?"

"फोड सुकल्यावर. कदाचित त्याच्याही नंतर."

काही दिवसांनी त्याला घरी आणलं, ते पुढच्या खोलीत. चेहऱ्यावर आणि मानेवर पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी या वेळी सूचना तिघांनाही दिल्या होत्या, आणि कृष्णाबाईला त्याच पुन्हा फोनवर. पाठीत, छातीत, दंडांत औषध अजून तसंच आहे. ऊन नाही, टॉर्च नाही, खिडकी नाही. पण खोलीतला साधा दिवा रोज लागला पाहिजे, आणि अंग उघडं राहिलं पाहिजे. औषध घालवायचा दुसरा मार्ग नाही.

संध्याकाळ झाली. कृष्णाबाई बटणापाशी जाऊन उभी राहिली आणि हात खाली घेतला.

"मी नाय लावनार. एकदा माझ्या हातानं झालं. परत नाय."

"वन्सं, बाजूला व्हा."

"आनि भाजलं म्हंजे?"

"तर बंद करीन."

"तवर भाजलेलं असेल, जयवंती."

ते खरं होतं. ऊन लागलं तेव्हाही कळेपर्यंत वेळ गेला होता. जयवंतीने बटण दाबलं. कृष्णाबाई खोलीबाहेर गेली आणि दाराला पाठ लावून बसली.

"लावलास?" पट्ट्यांच्या आतून आत्मारामने विचारलं.

"लावला."

"किती वेळ ठेवनार?"

"झोपेपर्यंत. उद्या परत."

त्याने चादर गळ्यापर्यंत ओढली. जयवंतीने ती कमरेपर्यंत खाली घेतली. त्याने पुन्हा ओढली, तिने पुन्हा खाली घेतली, आणि या वेळी चादरीची कड हातात धरून ठेवली. त्याची छाती भराभर वरखाली होत होती.

"चुरचुरतंय?"

"होय. भीतीनं की उजेडानं, ते नाय कळत."

जयवंतीने खुर्ची खाटेला लावली आणि त्याच्या उघड्या छातीचा रंग बदलतो का, ते बघत बसली.