मारोती आजाचं गाणं

राजदीपने लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि तीच फाईल पुन्हा उघडून पाहिली. पुन्हा तोच संदेश आला, फाईल खराब आहे.

"बॅटरी उतरली असन," बेबीताई म्हणाली. ती अंगणात उद्याच्या जेवणाचे तांदूळ निवडत होती.

"बॅटरी आहे, ताई."

"मंग काहून नाई लागून राह्यलं?"

उद्या तिच्या वारलेल्या बापाचा, मारोती आजाचा, दिवस घालायचा होता. मेलेल्याला वाटेला लावायचं एक कोलामी गाणं त्यांच्या घराण्यात चालत आलेलं, आणि झरी जामणीकडच्या त्या पोडावर, कोलामांच्या त्या वस्तीत, ते एकट्या आजालाच येत होतं. "माह्या मयतीत कोन म्हनन रे?" असं हसत हसतच म्हातारा राजदीपच्या माईकसमोर बसला होता.

राजदीप नेरचा. कोलामी आवाज गोळा करायचा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला, आणि त्याचा त्याला तोरा केवढा! इंटरनेट नको, सर्व्हर नको, एका छोट्याशा डेटाबेस लायब्ररीच्या, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कोडच्या, भरवशावर सगळे आवाज एकाच फाईलीत.

पण त्या दिवशी आजा गायला लागला की प्रोग्राम अडायचा. त्यात एकाच वेळी चालणारी दोन कामं, दोन थ्रेड: एक आवाज लिहून घेई, दुसरा त्याच वेळी आधीच्या आवाजातली खरखर काढून त्याच फाईलीत परत ठेवी. एकाचा हात फाईलीत असताना दुसऱ्याने घालू नये म्हणून लॉक. 'फाईल लॉक आहे' असं दिसलं की राजदीपला गाणं थांबवावं लागे. आणि हे गाणं मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं, असा त्या घरचा रिवाज.

आजा खोकायचा, पाणी प्यायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. राजदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याचा जीव किती काढायचा? त्याने तिथेच बसून लॉकच काढून टाकलं. असं करू नका, हे लायब्ररीच्या माहितीत लिहिलेलं त्याने वाचलंही होतं. एका गाण्यापुरतं काय होतंय, असं त्याला वाटलं. मग आजा एका दमात शेवटपर्यंत गायला, सगळं पोड गप्प बसून ऐकत होतं. नंतर त्याला अशी धाप लागली की गाणं नीट उतरलं का, हे लावून बघायचं कुणाला सुचलंच नाही. दोन्ही थ्रेड एकमेकांच्या उरावर लिहीत गेले होते. राजदीपने घरी जाऊन फाईलीची नक्कल काढली, तीही फाटलेल्या फाईलीचीच.

आता फाईलीतून जे शाबूत निघेल ते काढायला त्याने प्रोग्राम लावला. बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक तुकडा आला.

"ताई, एक निंगालं."

बेबीताई सूप बाजूला ठेवून उठली. हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि बाजेसमोर मांडी घालून बसली.

खोकल्याचा आवाज आला. मग आजाचा, जाड आणि संथ, गाण्याची पहिली ओळ, दुसरी ओळ. बेबीताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिसरी ओळ सुरू होते न होते तोच राजदीपचा स्वतःचा आवाज मध्ये पडला.

"थांबा आजा, थांबा."

"बरं," आजा म्हणाला, आणि तुकडा संपला.

राजदीपने मान खाली घातली.

"पुढचं?"

"नाई ताई. एवढंच वाचलं. लॉक काढायच्या आधीचं आहे."

तिला लॉक कशाचं ते कळलं नाही, तिने विचारलंही नाही. डोळे पुसले.

"लावा पुन्हा."

त्याने लावलं. या वेळी ती बापाच्या आवाजात आवाज मिसळून म्हणू लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरीचा पहिला शब्द. 'थांबा आजा' ऐकू आलं तशी तीही थांबली.

"तुटलं," ती म्हणाली. "आता पयल्यापासून म्हना लागते. लावा."